सुंतेनंतर संवेदना कमी होते का?

प्रश्न : वय ३१. पुढची त्वचा मागे सरकत नाही. डॉक्टरांनी सुंता सुचवली आहे. नस कापली जाऊन सुख कमी होईल का?

उत्तर : मुख्य नस कापली जात नाही. शिस्नाच्या दोन पृष्ठीय नसा वरच्या बाजूने, घड्याळातल्या ११ आणि १ च्या जागी, खोल आवरणाखालून शिस्नमुंडाकडे (पुढच्या टोकाकडे) जातात. शस्त्रक्रिया त्याहून वरच्या थरात होते. मात्र त्वचेतली मज्जातंतूंची टोके तिच्यासोबत कापली जातात, आणि आतल्या अस्तरात हलका स्पर्श टिपणारी टोके दाट असतात, हे लपवू नये. खालच्या बाजूची, मुंडाला त्वचेशी जोडणारी लगाम-पट्टी फार संवेदनशील. ती राखता येईल का, हे आधीच विचारा.

केनिया-युगांडातल्या मोठ्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांत लैंगिक तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत.

सुरुवातीचे २-३ आठवडे उघडे मुंड कपड्यांना घासून झोंबते, मग सरावते. व्रणाजवळचा बधिरपणा काही महिने राहू शकतो. संभोग ४ ते ६ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावरच. घाई केली तर टाके उसवतात.

त्वचा पांढरी, कडक झालेली नसेल, तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइड मलम ४ ते ६ आठवडे लावून पाहा. अनेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. रक्तातली साखरही तपासा, कारण मधुमेहामुळेही त्वचा अशी घट्ट होऊ शकते.