पगार टॅक्स आणि पाळणाघरातच जाणार असेल तर नोकरी धरावी का?

ताई, तुमचा मेल वाचला. बाळ दोन वर्षांचं झालंय, जुन्या ऑफिसातून परत बोलावणं आलंय आणि मिस्टर म्हणतायत की तुझा पगार टॅक्स आणि पाळणाघरातच जाणार, मग एवढी धावपळ कशाला. तुम्ही पाठवलेला हिशोबाचा कागद पण बघितला. त्यात पाळणाघराची फी तुमच्या एकटीच्या नावाखाली वजा केलीय, मिस्टरांच्या रकान्यात काहीच नाही. बेरीज तीच येते हे खरं, पण मूल दोघांचं आहे, तो खर्च घराच्या एकूण कमाईतून जाऊ दे, तुमच्यामुळे वाढला असं कागदावर दिसायला नको.

आता टॅक्सचं. मिस्टरांचं अगदीच चूक नाहीये. समजा पगार 100, टॅक्स 20, पाळणाघर आणि जाणंयेणं मिळून 60, हातात उरले 20. तुम्ही घरी जे राबता त्यावर टॅक्स नाही, पण तेच काम दुसऱ्याला दिलं की पैसे टॅक्स भरून उरलेल्यातून द्यावे लागतात, म्हणजे खरा फायदा 100 वजा 60 असा 40 चा होता आणि त्यातले 20 गेले, दर दिसतो 20 टक्के पण फायद्याला कात्री लागली निम्मी! म्हणून या फीवर काही सूट मिळते का ते सगळ्यात आधी बघा.

दुसरं, तुमचा टॅक्स वेगळा लागतो की दोघांचा एकत्र? जर्मनीत 1958 पासून जोडप्याची कमाई एकत्र करून अर्धीअर्धी धरता येते, त्यात कमी पगारवाल्या जोडीदाराची कमाई दुसऱ्याच्या कमाईच्या वर धरली जाते, म्हणून तिला पहिल्या पैशापासूनच चढा दर पडतो. स्वीडनने 1971 ला प्रत्येकाचा टॅक्स वेगळा केला आणि तिथे बायका नोकरीत यायला त्याचा चांगला हातभार लागला. तुमचा वेगळा असेल तर खालच्या स्लॅबपासून सुरुवात, मग मिस्टरांचा दर तुमच्या पगाराला लावायचाच नाही.

माझं मत विचाराल तर धरा नोकरी. पाळणाघराची फी दोनतीन वर्षांची, पण गॅप पडला की पुढचा पगार आणि पेन्शनची जमा दोन्ही मागे पडतात, आणि ते कागदावर कुठेच नाहीये. तुम्हाला मनापासून घरी राहायचं असेल तर जरूर राहा, तेही कामच आहे, फक्त टॅक्सला घाबरून नको.

ऑफर लेटरमधला इनहँड आकडा आणि पाळणाघराची फी कळवा, पाच वर्षांचा तक्ता करून देते, तो दोघं शेजारी बसून बघा.