दागिने गहाण ठेवून मार्जिनवर शेअर घ्यावेत का?

वणी तालुक्यातील एका शेतकरी वाचकांनी विचारले आहे की, कापसाचे आलेले १.५ लाख आणि पत्नीच्या दागिन्यांवर बँकेकडून मिळणारे २.५ लाख असे ४ लाख ब्रोकरकडे ठेवले, तर मार्जिन सुविधेत, म्हणजे उरलेले १२ लाख ब्रोकरकडून व्याजाने उधार घेऊन, १६ लाखांचे शेअर मिळतात. ते घ्यावेत का? उधारीवर अब्जावधी कमावणाऱ्या अमेरिकेतील गुंतवणूकदार बिल ह्वांग यांचा दाखलाही त्यांनी दिला आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि कारण त्याच दाखल्यात आहे. ह्वांग यांच्या ‘आर्किगॉस’ या गुंतवणूक संस्थेने अनेक बँकांशी स्वॅप करार केले होते, शेअर बँकेकडे राहत, नफा-तोटा मात्र ह्वांग यांचा असे, आणि त्यांची एकूण उधारी किती आहे हे एकाही बँकेला दिसत नसे. मार्च २०२१ मध्ये, ह्वांग यांनी ज्यात मोठा पैसा लावला होता त्या व्हायाकॉमसीबीएस या अमेरिकी माध्यम कंपनीने नवे शेअर विकायला काढताच भाव कोसळला, बँकांनी मागितलेली जादा रक्कम ह्वांग भरू शकले नाहीत आणि बँकांनी शेअर विकून टाकले. एकट्या क्रेडिट स्विस या स्विस बँकेला सुमारे ५.५ अब्ज डॉलरचा फटका बसला. बँकांची फसवणूक आणि भावात लबाडी केल्याबद्दल ह्वांग यांना २०२४ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली.

आपण कुणाला फसवत नाही, हे खरे. पण आपल्याही बाबतीत ब्रोकरला ४ लाख ‘स्वतःचे’ दिसतील आणि त्यातले २.५ लाख कर्जाचे आहेत हे त्याला ठाऊक नसेल. भाव अवघे १० टक्के उतरले की तोटा १.६ लाखांचा, म्हणजे कापसाचा सगळा पैसा जाऊन दागिन्यांच्या कर्जालाही हात लागलेला. ब्रोकरचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले तरी १२ लाखांवर महिन्याला १२,००० रुपये होतात, शिवाय बँकेचे व्याज वेगळे. भाव पुन्हा वर येईपर्यंत थांबणे आपल्या हाती राहत नाही, कारण मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेली आपली रक्कम, तोट्यामुळे कमी पडले की ब्रोकर शेअर विकून मोकळा होतो; आणि ही वेळ ऐन पेरणीत आली, तर बियाण्या-खताला पैसा कुठून आणणार?

कापसाच्या पैशातून आधी पीककर्ज फेडावे. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याज सवलतीमुळे ते जवळपास बिनव्याजी पडते. ही सवलत गमावणे परवडणारे नाही. दागिने घरीच राहू द्यावेत. परतफेड आणि खरिपाचा खर्च बाजूला काढून जे उरेल, आणि जे पाच-सात वर्षे लागणार नाही, तेवढेच इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, घालावे.