आठवीतला ड्रॉइंग क्लास बंद करू नका, आणि इंटरमिजिएटचे गुण शाळेच्या भरवशावर सोडू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याच घरातलं बोलणं कोणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. तुमची मुलगी आठवीत, शासनाच्या रेखाकला परीक्षांपैकी पहिली, एलिमेंटरी झालेली, हात चांगला. जेईई-नीटच्या तयारीचे फाउंडेशन क्लासवाले म्हणतात नववीपासून आठवड्याचे पाच दिवस लागतील, म्हणून मिस्टर आणि मोठे दीर दोघंही "ड्रॉइंग आता पुरे" म्हणून राहिले. आणि तुम्ही विचारताय की पुढे कॉलेजात याचा खरंच उपयोग होतो, की दहावीच्या सात गुणांपुरतंच हे ओढायचं.

माझी मुलगी आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवी-नववीत तिच्याबाबतीतही हाच वाद झाला होता. मी शिक्षक नाही, समुपदेशकही नाही. एका बापाला जे दिसलं ते सांगतो. परीक्षेचे पेपर, फॉर्म, रंगसाहित्य यात जात नाही, एलिमेंटरी झाली म्हणजे ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी त्या सात गुणांचं बोलतो, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं.

रेखाकलेच्या पुढच्या परीक्षेला, म्हणजे इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीत 7, बी असेल तर 5 आणि सी असेल तर 3 गुण जादा मिळतात. 500 पैकी 7 म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या याद्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना 1.4 टक्के म्हणजे काय ते माहीत आहे, तिथे दशांशावर कॉलेज बदलतं. पण हे गुण आपोआप लागत नाहीत, आणि हे पालकांना कोणी सांगत नाही. रेखाकला परीक्षा घेतं कला संचालनालय, दहावीची परीक्षा घेतं मंडळ. तुमच्या मुलीची ग्रेड मंडळाला आपसूक कळत नाही. मधे शाळा असते. शाळेनं प्रमाणपत्राच्या प्रतीसह प्रस्ताव मुदतीत पाठवला, तरच ते गुण निकालात दिसतात.

आमच्या शाळेचं नाव घेत नाही. मुलीला ए ग्रेड होती. तिच्या ड्रॉइंगच्या सरांनी नववीत सगळं नीट करून घेतलं, पण ती दहावीत गेली त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच नाही. प्रस्तावाचं काम कार्यालयाकडे गेलं. मी दिवाळीनंतर जाऊन विचारलं, तर खिडकीतून उत्तर आलं, "सगळ्यांचे पाठवले, काळजी करू नका." कागद मागितला, तर म्हणे पालकांना कागद देत नसतात. निकाल लागला. जादा गुणांच्या ठिकाणी काहीच नाही.

शाळेत गेलो तर म्हणाले वर, मंडळात विचारा. वर विचारलं तर म्हणाले शाळेच्या यादीत हे नावच नाही. परत शाळेत आलो तर मुख्याध्यापक रजेवर, पत्रावर सही कोण करणार? प्रभारींनी सही केली, तर पत्रात वर्ष चुकलेलं. शेवटी तिथल्याच एका शिपायानं कपाट उघडून गठ्ठा काढला, आणि त्यात माझ्या मुलीचा फॉर्म होता. वर पेन्सिलनं लिहिलेलं, "नाव जुळत नाही". प्रमाणपत्रावर माझ्या नावातलं एक अक्षर वेगळं छापलं गेलं होतं. परीक्षेची यादी शाळेनंच भरलेली, अक्षर शाळेनंच चुकवलेलं. आणि ते जुळत नाही म्हणून शाळेनंच फॉर्म बाजूला ठेवला. मला फोन नाही, मुलीला वर्गात निरोप नाही. एका निरोपानं काम झालं असतं.

तोवर अकरावीच्या प्रवेशफेऱ्या पुढं सरकल्या होत्या. तिला हवं असलेलं, घरापासून सायकलच्या अंतरावरचं कॉलेज थोडक्यात हुकलं आणि दोन वर्षं ती शहराच्या दुसऱ्या टोकाला जात राहिली, मे महिन्याच्या एक्स्ट्रा क्लासेसनासुद्धा. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. ज्या मुलीनं रविवारच्या रविवार ड्रॉइंग बोर्डवर बसून ए ग्रेड मिळवली, तिची मेहनत एका माणसानं कपाटात ठेवून दिली, याचा राग अजून गेला नाही. जाणारही नाही.

म्हणून एवढं तरी करा. प्रमाणपत्र हाती आलं की त्याच दिवशी मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच शाळेमार्फत द्या, दहावीची वाट पाहू नका. दहावीत दिवाळीच्या आधी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. "पाठवलं" या शब्दावर उठून येऊ नका. प्रस्तावाच्या यादीत मुलीचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मोबाईलवर फोटो काढू देत असतील तर काढा. मुदत आणि पद्धत बदलत असते, त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत मागून वाचा, माझ्या आठवणीवर चालू नका.

जाता जाता आणखी एक. शाळेत ड्रॉइंगचे शिक्षक आहेत का, हे आत्ताच विचारा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक हवेत. किती शाळांत ते आहेत, आजूबाजूला बघा. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात आणि पालक खूश होतात. मला हे अजिबात पटत नाही. पालकसभेत यावर कोणीतरी बोललं पाहिजे.

आता तुमचा खरा प्रश्न. हे सगळं भोगूनही मी म्हणेन की सात गुण मिळोत न मिळोत, क्लास चालू ठेवा.

माझ्या मुलीला याचा पहिला थेट उपयोग झाला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, ग्राफिक्सच्या विषयात. शंकू तिरका कापला तर वरून कसा दिसेल, समोरून कसा, बाजूनं कसा, हे कागदावर काढायचं असतं. तिच्या वर्गात जेईईला भरपूर गुण मिळवलेली मुलं होती. कठीण इंटिग्रेशन सोडवायची, पण कापलेला शंकू त्यांच्या डोळ्यांपुढं येत नव्हता. हिला येत होता, कारण इंटरमिजिएटच्या घनभूमितीत तिनं अशीच रेखाटनं केलेली, तीही हातानं, खोडरबर झिजेपर्यंत. मिनी ड्राफ्टर हातात आला तेव्हा तिला फक्त नवीन अवजार शिकायचं होतं, विषय ओळखीचा होता.

हा केवळ आमच्या घरचा अनुभव नाही. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेनं 1990 च्या दशकापासून यावर काम केलं. वस्तू मनात फिरवून बघण्याची क्षमता कमी असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी हातानं स्केचिंगसह सराव दिला. ही क्षमता सरावानं वाढते आणि अशी मुलं, विशेषतः मुली, इंजिनिअरिंगमध्ये जास्त टिकतात, असं त्यांना दिसलं. कॉलेजात गेल्यावर त्यांना जे शिकवावं लागलं, ते आपल्याकडची मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळेच्या बाकावर शिकू शकते. ते सोडून का द्यायचं?

मेडिकलचा विचार असेल तरी हेच. माझा भाचा एमबीबीएसला आहे. पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी स्लाइड्स काढाव्या लागतात. तो म्हणतो, सूक्ष्मदर्शकातून बघून काढायला बसलं की कळतं आपण नीट बघितलंच नव्हतं. पेन्सिल थांबते तिथे परत बघावं लागतं. वस्तुचित्रात तांब्याचा काठ लंबगोल का दिसतो हे ज्यानं तासभर बघितलंय, त्याला ही सवय आधीच असते.

पण एका गोष्टीपासून सावध करतो. "चित्रकलेनं गणिताचे गुण वाढतात", "मेंदूचा उजवा भाग जागा होतो" अशी पत्रकं क्लासवाले वाटतात, त्यावर जाऊ नका. 2000 साली हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरो या संशोधन गटातल्या एलेन विनर आणि मोनिका कूपर यांनी तोवरचे अभ्यास तपासले. कलाशिक्षणामुळेच परीक्षेचे गुण वाढतात असा पुरावा त्यांना सापडला नाही. 2012 मध्ये जेम्स कॅटरॉल या अमेरिकन संशोधकाच्या अहवालात दिसलं की गरीब घरांतली, कलेत भरपूर रमलेली मुलं कॉलेजात जास्त जातात. पण तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यानंतर अमेरिकेतल्याच ह्यूस्टनमध्ये 42 शाळांत नीट प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकून काही शाळांना जास्तीचं कलाशिक्षण दिलं. दहा हजारांवर मुलं होती. तिथे मुलांचं लेखन सुधारलं, शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, दुसऱ्याबद्दलची आस्था वाढली. गणित आणि वाचनाच्या गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. हे 2019 मध्ये छापून आलं. तेव्हा दिरांना हेच सांगा की गणिताचे गुण गणितानंच वाढतील. तिथे कलाशिक्षणानं गणिताचं नुकसान झालं नाही, आणि बाकी पुष्कळ मिळालं.

ते बाकीचं मी घरात बघितलंय. बिघडलेलं शीट बाजूला ठेवून नवीन शीट घेणं. तीन तास एका जागी बसणं, तेही मोबाईल न बघता. आपल्या कामातला दोष सरांनी सगळ्यांसमोर दाखवला तर न रडता तो दुरुस्त करणं. कॉलेजात प्रोजेक्टच्या सादरीकरणात मुलांचे हात थरथरतात, ही शांत उभी असते. हा सगळा ड्रॉइंगचाच परिणाम आहे असा दावा मी करत नाही, स्वभावही असतो. पण सवय तिथं लागली हे मी आठवड्यामागून आठवडा पाहिलंय.

मात्र क्लास कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे काही क्लासेस स्मरणचित्राच्या मानवाकृती पाढ्यांसारख्या पाठ करून घेतात. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन, एक म्हातारा काठी टेकत, एक मुलगा फुगा धरून. विषय कोणताही आला तरी तीच तीन माणसं, फक्त मागे कधी बाजार, कधी स्टेशन. ग्रेड मिळते, पण मी वर सांगितलं त्यातलं काहीच मिळत नाही. असा क्लास असेल तर तो बंद करायला माझी हरकत नाही, दुसरा शोधा. क्लास लावण्याआधी तासभर मागे बसून बघा. सर समोर वस्तू मांडतात की फळ्यावरचं तयार चित्र उतरवायला लावतात, एवढ्यात कळतं.

आणि नागपुरात राहून स्मरणचित्र पाठ करायची काय गरज आहे? गणपतीच्या आधी तिला महाल भागात मूर्तिकारांच्या चितार ओळीत घेऊन जा. मातीचा हात कसा वळतो, पाय आधी की धड आधी, कारागीर सोंडेवर शेवटचा हात कसा फिरवतात, हे उभं राहून बघू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी दाखवा, तान्ह्या पोळ्याला सजवलेले लाकडी बैल दाखवा. घरी आल्यावर फोटो न बघता काढायला सांगा. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या संग्रहालयात मूर्ती आहेत, महाराजबागेत प्राणी आहेत. छोटी वही आणि एक पेन्सिल, खर्च काही नाही.

वेळेचं गणित असं बसवा. इंटरमिजिएट नववीतच देऊन टाका, दहावीच्या पहिल्या सत्रात ती परीक्षा आली की घरात ताण वाढतो. नववीत फाउंडेशन आणि रविवारची सकाळ ड्रॉइंगला, एवढं जमतं. पाच दिवसांचा क्लास म्हणतात पण मागितलं तर तीन दिवसांची बॅच देतात, निदान आम्हाला दिली. दहावीत ड्रॉइंग क्लास नको, पण वही चालू राहू द्या.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. तिला पुढे आर्किटेक्चर आवडू शकतं. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत बी.आर्क. आहे, त्यासाठी जेईई मेनचा दुसरा पेपर लागतो. त्यात 400 पैकी 100 गुण ड्रॉइंगचे, आणि तेवढा भाग कागदावर हातानं काढायचा असतो. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांतही हातानं काढावं लागतं. बीएफए, म्हणजे ललितकलेची पदवी करायची तर शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपुरातच आहे. बारावीनंतर दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्समध्ये हात तयार होत नाही. आठवीत बंद केलं तर हे दरवाजे तिला न विचारताच बंद होतील, हे मिस्टरांना जरूर सांगा.

प्रस्तावासाठी शाळेला द्यायच्या अर्जाचा आणि नाव-दुरुस्तीच्या अर्जाचा, असे दोन्ही मसुदे माझ्याकडे आहेत. हवे असतील तर इथेच सांगा, पाठवतो. आणि शक्य असेल तर या आठवड्यातच एलिमेंटरीच्या प्रमाणपत्रावरचं नाव एकदा तपासून घ्या. तिथं अक्षर चुकलं असेल तर इंटरमिजिएटच्या यादीतही तेच उतरेल.