बीओईच्या परीक्षेत ‘इंधन आणि ज्वलन’ची गणितं का चुकतात?

तुम्ही विचारलंय की डिप्लोमा मेकॅनिकल आहे, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेला बसताय, ज्वलनाची सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तरं जुळत नाहीत. मी पहिल्या खेपेला याच भागात आपटलो होतो. साखर कारखान्यात बॉयलरवर शिफ्ट करत अभ्यास चालला होता, दुसऱ्या खेपेला सुटलो.

आधी सूत्रं बाजूला ठेवा. 12 किलो कार्बनला 32 किलो ऑक्सिजन लागतो, 2 किलो हायड्रोजनला 16 किलो आणि 32 किलो गंधकाला 32 किलो. म्हणजे किलोमागे 2.67, 8 आणि 1. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढे नुसती वाण्याची वही आहे.

माझी चूक अगदी बावळट होती. हवेत ऑक्सिजन वजनाने 23 टक्के असतो आणि आकारमानाने 21. मी किलोच्या गणितात 21 घेतले आणि हवा साडेनऊ टक्के फुगवून मोकळा झालो. तेव्हापासून गणित सुरू करण्याआधी पानाच्या कोपऱ्यात ‘वजन’ किंवा ‘आकारमान’ लिहायची सवय लावून घेतली. हसू नका, त्यानेच वाचलो.

दुसरा खड्डा म्हणजे इंधनातला ऑक्सिजन. कोळशाच्या गणितात तो वजा करायचा राहिला तर थोडक्यात निभावतं, बगॅसमध्ये (ऊस पिळून उरलेल्या चोथ्यात) नाही. कोरडं बगॅस घ्या: कार्बन 47, हायड्रोजन 6.5, ऑक्सिजन 44 टक्के, बाकी राख. कार्बनला 1.25 किलो ऑक्सिजन लागला, हायड्रोजनला 0.52, एकूण 1.77. त्यातला 0.44 बगॅसच्या पोटातच आहे, उरले 1.33. त्याला 0.23 ने भागलं की 5.8 किलो हवा. वजाबाकी विसरलात तर उत्तर येतं 7.7. हे एक गणित स्वतःच्या हाताने तीनदा करा, दहा गणितं नुसती वाचण्यापेक्षा बरं.

जीसीव्ही (इंधनाचा एकूण उष्मांक) आणि एनसीव्ही (वाफेबरोबर जाणारी उष्णता वजा करून उरलेला निव्वळ उष्मांक) यांतला फरक मला पुस्तकातून कधी कळलाच नाही. आमच्याकडे एक जुने फायरमन मामा होते. कॅरिअरवरून मूठभर बगॅस उचलायचे, दाबायचे, मूठ उघडून बघायचे. गोळा तसाच राहिला की म्हणायचे, “आज ओलं आलंय, प्रेशर पडणार बघा.” आणि पडायचंच. आता आकड्यात बघू. ओल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी. एका किलोत अर्धा किलो तेच, शिवाय हायड्रोजन जळून तयार होणारं पाणी. निम्मं पाणी असल्याने हायड्रोजनही 6.5च्या निम्मा, आणि किलोभर हायड्रोजनमागे 9 किलो पाणी: 9 × 0.0325, म्हणजे 0.29 किलो. जवळपास 0.79 किलो पाण्याची वाफ चिमणीतून जाते. वाफ व्हायला किलोमागे 584 किलोकॅलरी धरल्या तर साधारण 460 गेल्या. जीसीव्ही 2270 असेल तर हाती राहतात 1810च्या आसपास. मामांच्या मुठीत हेच गणित होतं.

जास्तीच्या हवेचं ढोबळ सूत्र पॅनलवरच्या आकड्यावर रोज घासा: धुरातला ऑक्सिजन भागिले (21 वजा तोच ऑक्सिजन). 7 टक्के दिसला तर 7 भागिले 14, म्हणजे 50 टक्के हवा जास्त. इथे मात्र 21च, कारण धुरातला ऑक्सिजन आकारमानात मोजलेला असतो. शिफ्टमध्ये तोंडी करत राहिलात तर पेपरात हात थांबत नाही.

प्रॉक्झिमेट आणि अल्टिमेट ॲनालिसिसवर फार वेळ घालवू नका. पहिल्यात ओलावा, राख, बाष्पनशील भाग आणि स्थिर कार्बन, दुसऱ्यात मूलद्रव्यं. झालं.

तोंडीला मात्र ऑरसॅट (धुरातले वायू द्रावणांत शोषून मोजायचं उपकरण) नीट करून जा. मला क्रम विचारला होता. कॉस्टिक पोटॅशमध्ये कार्बन डायऑक्साइड, मग पायरोगॅलॉलमध्ये ऑक्सिजन, शेवटी क्युप्रस क्लोराइडमध्ये कार्बन मोनॉक्साइड, हे घडाघडा सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला, “उलटं केलं तर?” क्युप्रस क्लोराइड ऑक्सिजनही शोषतं आणि पायरोगॅलॉलचं द्रावण अल्कलीयुक्त असल्याने कार्बन डायऑक्साइडही खातं, त्यामुळे क्रम चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात. हे उत्तर मला आदल्या रात्रीच सापडलं होतं, नाहीतर तिसरी खेप ठरलेलीच होती.