९ जुलै विसरा, १० जून धरा

चाळीसगावच्या एका वाचकांचं पाच पानी पत्र आलं आहे. ते शिक्षक आहेत, म्हणून त्यांना सर म्हणतो. हकीकत थोडक्यात अशी. २०१९ च्या आखाजीला, ७ मे रोजी, त्यांनी नाशिकहून घरच्या वापरासाठी पेट्रोलवरची गाडी घेतली. किंमत ७ लाख ६० हजार. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी आणि वर पैसे भरून वाढवलेली तीन वर्षांची, मिळून ६ मे २०२४ पर्यंतचं संरक्षण. १२ फेब्रुवारी २०२४ ला चेक इंजिनचा दिवा लागला. सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड यायची. सर्व्हिस सेंटरनं कॅमशाफ्टचा सेन्सर बदलून ३,४०० रुपये घेतले. २२ एप्रिलला दिवा पुन्हा लागला, तेव्हा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह बदलून ५,१०० घेतले. ११ जूनला घरच्यांना घेऊन संभाजीनगरला निघाले, तर कन्नड घाटात गाडी चढेना. टोचन करून नाशिकला नेली. १४ जूनला इंजिन उघडलं, तेव्हा टायमिंग चेन ताणली गेली असून एक दात सरकली आहे, असं कळलं. खर्चाचा अंदाज ७१,००० रुपये. ९ जुलै २०२४ ला ईमेल आला की वॉरंटी संपली आहे आणि २०२१ ची सर्व्हिस चार महिने उशिरा झाली होती, म्हणून दावा नामंजूर. सरांनी गाडी मालेगावच्या खासगी गॅरेजमध्ये नेऊन ४६,००० रुपयांत दुरुस्त करून घेतली. तेव्हापासून ते एरिया मॅनेजरला फोन करत आहेत आणि तो "वर बोलतो" म्हणतो आहे. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे : "आते काय करानं, वकीलसाहेब?"

हे लिहितोय तेव्हा २०२६ च्या मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू आहे. सर, तुमच्या पत्रात चेन, सेन्सर, मॅनेजरचं बोलणं, पत्नीला घाटात झालेला त्रास, सगळं सविस्तर आहे. "मुदत" हा शब्द मात्र पाच पानांत एकदाही नाही, आणि तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार ते त्यावरच ठरणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. नंतर आलेली तक्रार ग्राहक आयोग दाखलच करून घेऊ शकत नाही, उशिराचं पुरेसं कारण पटलं तरच घेतो, आणि ते कारण आयोगाला लेखी नोंदवावं लागतं. प्रश्न असा की तुमच्या बाबतीत दोन वर्षं मोजायची कधीपासून?

तुम्ही म्हणाल ९ जुलै २०२४ पासून, कारण नकार त्या दिवशी मिळाला. माझंही मत तेच आहे, आणि तक्रारीत आपण तेच मांडायचं. वॉरंटीचा दावा नाकारला जाईपर्यंत तक्रार करायला कारणच नव्हतं. पण सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, वकील गप्प बसणार नाही. तो म्हणेल, दोष पहिल्यांदा दिसला १२ फेब्रुवारीला, तिथून मोजा. आणि तो सर्वोच्च न्यायालयाचा कंदिमल्ला राघवय्या विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स हा २००९ चा निकाल समोर ठेवेल. त्या प्रकरणात तंबाखूच्या गोदामाला १९८८ मध्ये आग लागली होती. विमा कंपनीकडे दाव्याचा कागद मागितला तो वर्षं उलटल्यावर. न्यायालयानं मुदत आगीच्या तारखेपासून मोजली. नंतरच्या पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही, हे तिथे ठरलं. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही मुदतीच्या आत, दिवा लागल्याबरोबर गाडी दाखवली होती. हा फरक आयोगाला पटेल असं मला वाटतं. खात्री देणार नाही.

आता तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट. तुमच्या तक्रारीला दोन पाय आहेत. एक वॉरंटी नाकारल्याचा. दुसरा, पैसे घेऊन दोनदा चुकीची दुरुस्ती केल्याचा, म्हणजे सेवेतल्या त्रुटीचा. दुसऱ्या पायासाठी कोणीही म्हणू शकतो की चूक तुम्हाला कळली ती गाडी घाटात बंद पडली तेव्हा, ११ जूनला, किंवा फार तर इंजिन उघडलं तेव्हा, १४ जूनला. मग ९ जुलैचा आधार कशाला घेत बसायचं? तक्रार १० जून २०२६ च्या आत दाखल झाली, की फेब्रुवारी आणि एप्रिल सोडले तर बाकी सगळ्या तारखांवरून आपण मुदतीत बसतो. त्या दोन तारखांसाठी तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडायचं. विलंब झाला असं आम्हाला मान्य नाही, पण आयोगाला तसं वाटल्यास तो माफ करावा, अशी त्यातली भाषा असावी. अर्ज नंतर देऊ, असं म्हणू नका. मी पाहिलेली कितीतरी चांगली प्रकरणं याच "नंतर"मध्ये गेली आहेत.

वकिलाची नोटीस आधी पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. पाठवायची तर पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट बघू नका. या तक्रारीसाठी नोटीस सक्तीची नाही आणि तिनं मुदत एका दिवसानंही थांबत नाही. एरिया मॅनेजरच्या फोननं तर नाहीच नाही. तुम्ही बावीस महिने त्या माणसाच्या "वर बोलतो"वर काढले, याचं मला खरंच वाईट वाटतं. रावेरहून ठिबकचा पंप, धुळ्याहून ट्रॅक्टर, शहाद्याहून बियाणं अशी पत्रं दर महिन्याला येतात, आणि बहुतेकांत दोन वर्षं अशाच तोंडी आश्वासनांत गेलेली असतात. कंपनीचा माणूस गोड बोलतो तोवर घड्याळ तुमच्याविरुद्ध चालू असतं.

आता पुराव्याकडे. १२ फेब्रुवारीचं जॉबकार्ड तुम्ही पाठवलंत, ते मी भिंग घेऊन वाचलं. तिसऱ्या ओळीत छापलंय : कोड पी००१६. खाली हातानं लिहिलंय, "सेन्सर बदली, कोड क्लिअर." तुमचं प्रकरण या दोन ओळींवर उभं राहील, म्हणून थोडं तांत्रिक सांगतो. आयोगापुढे तुम्हालाही हे सांगता आलं पाहिजे.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि वर कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते या जुळणीवर ठरतं. पी००१६ हा कोड सांगतो की वरचा आणि खालचा सेन्सर जे कळवताहेत त्याचा मेळ बसत नाही. फक्त कॅमशाफ्टच्या सेन्सरचं सर्किट बिघडलं असतं, तर सहसा पी०३४० येतो. म्हणजे इंजिन सांगत होतं की जुळणी बिघडली आहे. चेन ताणली असेल, चेन ताठ धरणारा टेन्शनर सैल असेल, दात सरकला असेल, तेलाच्या दाबावर चालणारा व्हॉल्व्ह अडकला असेल, सेन्सरची जागा हलली असेल, यातलं काहीही शक्य होतं. सकाळच्या थंड इंजिनातली दोन सेकंदांची खडखड चेन आणि टेन्शनरकडेच बोट दाखवते, कारण टेन्शनरला तेलाचा दाब मिळेपर्यंत सैल चेन वाजते. ती खडखड तुम्ही सांगितली होती आणि ती जॉबकार्डवर "स्टार्टिंग नॉइज" म्हणून लिहिलेली आहे. फार बरं झालं.

सेन्सर बदलणं ही स्वतःच चूक होती, असं मी म्हणणार नाही. मेकॅनिकनं स्वस्त गोष्टीपासून सुरुवात केली, असा बचाव ते करतील आणि पहिल्या वेळेपुरता तो चालूनही जाईल. दुसऱ्या वेळी नाही. तोच कोड पुन्हा आल्यावर वरचं कव्हर काढून टायमिंगच्या खुणा जुळतात का ते बघायचं, किंवा दोन्ही सेन्सरच्या लहरी ऑसिलोस्कोपवर शेजारी ठेवून पाहायच्या, ही साधी तपासणी आहे. एप्रिलच्या जॉबकार्डवर यातल्या एकाचीही नोंद नाही. तेव्हा वॉरंटीचे चौदा दिवस शिल्लक होते. खुणा तेव्हाच पाहिल्या असत्या, तर चेन वॉरंटीत बदलली गेली असती. तक्रारीत हे वाक्य याच शब्दांत लिहा. वॉरंटी चालू असताना सेन्सरचे आणि व्हॉल्व्हचे पैसे का घेतले, हेही विचारा. तुम्ही तेव्हा न विचारता पैसे दिलेत. निदान पावत्या ठेवल्यात, त्या आता उपयोगी पडतील.

कोड क्लिअर केला की त्या क्षणाची इंजिनची नोंद, म्हणजे किती फेरे, किती तापमान, किती वेग, हीही पुसली जाते. पण स्कॅनचे अहवाल सर्व्हिस सेंटरच्या संगणकात राहिलेले असू शकतात. गाडीचा पूर्ण सर्व्हिस इतिहास आणि तिन्ही वेळचे स्कॅन अहवाल आजच ईमेलनं मागा. दिले नाहीत तर आयोगाकडे कागद हजर करण्याचा अर्ज करता येतो. कलम ३८ नं आयोगाला तो अधिकार दिलेला आहे.

आता जिथे मला राग आला ती जागा. मालेगावच्या गॅरेजनं काढलेली जुनी चेन कुठे आहे, यावर तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. दोषाची तपासणी लागते अशा प्रकरणात आयोग कलम ३८ खाली वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चेनच नसेल, तर काय पाठवणार? गाडी उघडण्यापूर्वी चार फोटो, काढलेला भाग लेखी पोच घेऊन ताब्यात, एवढं तरी करायला हवं होतं. चेन मिळाली तर पिशवीत घालून, वर तारीख आणि गॅरेजवाल्याची सही घेऊन ठेवा, आणि तेल-धूळ काहीही पुसू नका. भंगारात गेली असेल, तरी सगळं संपलं असं नाही. चेन ताणली होती हे १४ जूनच्या जॉबकार्डवर सामनेवाल्यांच्याच माणसानं लिहिलंय. ती त्यांची कबुली आहे. गॅरेजवाल्याचं शपथपत्र त्याला जोड देईल.

२०२१ च्या उशिरा सर्व्हिसबद्दल मी जपूनच बोलतो. तुम्ही लॉकडाउनचं कारण दिलंय, ते समजण्यासारखं आहे. पण जुन्या तेलानं चेन आणि टेन्शनर झिजतात हे खरं आहे, आणि वॉरंटीच्या अटींत वेळेवर सर्व्हिसचं कलम असतंच. आपलं म्हणणं असं की नुसता उशीर पुरत नाही, त्या उशिरामुळेच चेन ताणली हे त्यांनी दाखवावं, आणि त्या सर्व्हिसनंतर त्यांनीच तीन वर्षं वॉरंटी चालू असल्याचं मानलं. आयोग किती मानेल, ते तुमच्या पुस्तिकेतली अट कशी शब्दबद्ध आहे त्यावर आहे. ती पानं तुम्ही पाठवलेली नाहीत. पाठवा. वाढीव वॉरंटी नक्की कोणी दिली, गाडीच्या कंपनीनं की एखाद्या विमा कंपनीनं, हेही त्याच पानांत असेल. जो कोणी असेल त्याला, गाडी बनवणाऱ्याला आणि सर्व्हिस सेंटरला, असं तिघांनाही सामनेवाले करा.

नाशिकला खेटे घालायची गरज नाही. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या आत असल्यानं तो सक्षम आहे. पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात फी फक्त २०० रुपये. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, तरी एकदा कागद घेऊन जळगावला या. मागण्या मोजक्या ठेवा : ४६,००० रुपये, दोन चुकीच्या दुरुस्त्यांचे ८,५०० रुपये, टोचनचा खर्च, व्याज, त्रासाबद्दल माफक रक्कम. नवी गाडी मागू नका, मूळ मागणी त्यानं दुबळी होते.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात, आणि तुमच्यासारख्या माणसाला दर वेळी रजा टाकून चाळीसगावहून गाडी पकडावी लागते. पंचवीस वर्षं मी हे बघतोय आणि अजूनही संताप होतो. एक दोरी मात्र आपल्या हातात आहे. सामनेवाल्यांना उत्तरासाठी तीस दिवस आणि वर जास्तीत जास्त पंधरा मिळतात. हिली मल्टिपर्पज प्रकरणात ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही मर्यादा बंधनकारक ठरवली. सेहेचाळिसाव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं नसेल, तर त्याच दिवशी अर्ज करा.

मालेगावला आजच फोन लावा, चेनचं विचारा. वॉरंटीची पानं शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पोचू द्या.