गरीब वस्तीतल्या किशोरवयीन मुलांच्या आरोग्य साक्षरतेवर घर, मित्र आणि मोबाइल यांचा किती परिणाम होतो?

शाळेत आरोग्याचे धडे आहेत, हातात मोबाइल आहे, तरी या मुलांना आरोग्यातलं कळत का नाही, असं तुम्ही विचारलंय. अशा वयाच्या मुलामुलींशी माझं कामानिमित्त बोलणं होतं. माझ्या मते त्यांना कळतं बरंच, पण विचारायला माणूस नसतं.

आरोग्य साक्षरतेच्या २०१२ सालच्या एका बहुचर्चित मांडणीत चार गोष्टी येतात: माहिती मिळवणं, समजणं, पारखणं आणि वापरणं. शाळा बहुतेकदा त्यातल्या दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे समजण्यावरच थांबते. पारखणं आणि वापरणं मुलं आजूबाजूच्या माणसांकडून उचलतात.

घरात आजारपण कसं निभावलं जातं, हे मूल बघत असतं. दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या काढल्या जातात. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही; तो पैशांचा हिशोब आहे. सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही हे पोराने वाचलेलं असतं, पण थोरांसमोर बोलणार कोण? गंमत म्हणजे बऱ्याच घरांत डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवणारं तेच पोर असतं. या ताकदीचा कुणी फारसा उपयोग करून घेत नाही.

मित्रांचं वजन तर मोठंच. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवर प्रयोग केला. मित्र सोबत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत. प्रौढांमध्ये तो फरक फारसा दिसला नाही. तंबाखूची पहिली पुडी एकट्याने क्वचितच फोडली जाते, ती यामुळेच. हाच ओढा उलट दिशेनेही चालतो: मैत्रीण लस घेऊन आली की दुसरीची भीती निम्मी होते.

मुली निदान मोठ्या बहिणीला, मावशीला पाळीबद्दल विचारतात. मुलगे कुणालाच विचारत नाहीत. त्यांचं शिक्षण वयाने थोड्या मोठ्या पोरांकडून आणि व्हिडिओंवरून होतं. तिथे चुकीची माहितीसुद्धा मोठ्या रुबाबात सांगितली जाते.

मोबाइलबद्दल एक गोष्ट सहसा सुटते. फोन घरात एकच असेल, तर काय शोधलं ते भावाला किंवा वडिलांना दिसतं. त्यामुळे ज्या प्रश्नाची लाज वाटते, तोच शोधला जात नाही.

आणि आरोग्य केंद्रातला सूर! एका मुलीवर कुणी खेकसलं की ते वस्तीभर होतं, मग बाकीच्या तिकडे फिरकत नाहीत.

तुम्ही कार्यक्रम आखत असाल तर पोस्टरचा खर्च कमी करा. ठरलेल्या वेळी भेटणारं आणि ऐकलेलं बाहेर न फोडणारं एक माणूस बसवा. शेवटी ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी आईला हे कसं सांगशील?’ असं विचारा, म्हणजे काय पोचलं नाही ते लगेच दिसेल.