सळया ठोकून प्रदूषण कळते का?

प्रश्न : आमच्या शेताच्या वरच्या अंगाला शहराचा कचरा डेपो आहे. दोन पावसाळे झाले, विहिरीच्या पाण्याला वास येतो. परवा काही माणसे बांधावर सळया ठोकून, तारा जोडून ‘रेझिस्टिव्हिटी सर्व्हे’ करून गेली. पाण्याचा नमुना मात्र कोणी नेला नाही. एवढ्यावरून प्रदूषण सिद्ध होते का?
– एक शेतकरी, पुणे जिल्हा

उत्तर : सिद्ध होत नाही; पण शोध कुठे घ्यायचा, ते कळते. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, क्लोराइड, सोडियम यांसारखे क्षार भरपूर असतात आणि अशा पाण्यातून वीज सहज वाहते. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत प्रवाह सोडून आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजला की त्या जमिनीचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टिव्हिटी) ओहम-मीटर या एककात काढता येतो. सळयांमधले अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. आपल्याकडचा अखंड काळा पाषाण शेकडो ओहम-मीटर दाखवतो, तर लीचेट मुरलेला मुरूम दहाच्याही खाली येऊ शकतो.

गोम अशी, की ओली काळी माती आणि दोन लाव्हाथरांमधला तांबडा, चिकण पट्टाही जवळपास तेवढाच आकडा देतात. त्यामुळे डेपोच्या चढाकडे, जिथे कचऱ्याचे पाणी पोहोचत नाही अशा तशाच जमिनीवर, तुलनेसाठी एक रेषा मोजलेली नसेल, तर त्या अहवालावर मी तरी विसंबणार नाही. तीच मोजणी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात करून कमी विरोधाचा पट्टा उताराकडे सरकलेला दिसला, तर संशय बळावतो, कारण माती जागची हलत नाही.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी भेगा-सांध्यांतून वाहते, म्हणून डेपोलगतची विहीर चांगली आणि दूरची बिघडलेली, असेही घडते. निरीक्षणासाठी बोअर नेमके कुठे घ्यायचे, हे ठरवायला ही पाहणी खरी उपयोगी पडते. जड धातू किंवा जिवाणू मात्र तिला ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या विहिरीचा आणि डेपोच्या चढाकडच्या एखाद्या विहिरीचा नमुना एकाच दिवशी तपासायला द्या, सर्वेक्षणाच्या रेषांचा नकाशा मागून घ्या आणि निकाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका.